थारच्या पाण्यावर आधीचे बोजे किती, ते तरी पाहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला थारच्या वाळवंटावरचा लेख वाचला. सिंधू जलकरार एप्रिल २०२५ मध्ये स्थगित झाला, आता चिनाबचं पाणी कालव्यांनी राजस्थानात उतरणार. शिवाय जैसलमेर जिल्ह्यात मोहनगडजवळ जमिनीतून पाण्याचा झोत उसळला, म्हणजे लुप्त सरस्वतीही परत आली. या दोन बातम्यांची मोट बांधून आपल्या लेखकाने अख्खं वाळवंट दहा वर्षांत हिरवं करून टाकलं आहे. लेख चांगला रंगला आहे, छायाचित्रंही देखणी आहेत. पण इथल्या पाण्यावर आधीच कोणाकोणाचा हक्क आहे, हा प्रश्न त्यात कुठेच आलेला नाही, म्हणून हे पत्र. पत्र लांबलं आहे. छापताना कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त आकड्यांना लावू नका.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत शेती कर्ज विभागात होतो. नोकरीतली बरीच वर्षं पश्चिम राजस्थानात गेली. आधी श्रीगंगानगर जिल्ह्यात घडसाण्याच्या बाजूला, मग जोधपूरला. कर्ज देणाऱ्या माणसाला एक खोड कायमची जडते. कोणी कितीही सोन्यासारखी जमीन दाखवली तरी तो म्हणतो, उतारा आणा, आधीचा बोजा बघू. थारमधल्या पाण्याचा असा उतारा कोणी काढलाच, तर इतर हक्कांचा रकाना खाली लोंबणारी पुरवणी जोडूनही पुरणार नाही. त्या उताऱ्यावर आता चिनाबच्या नावाने नवं कर्ज उचलायचं घाटत आहे.

पहिला बोजा आहे कागदावरच्या वाटपाचा. सतलज आणि बियास जिथे मिळतात तिथे, पंजाबात, हरिके इथे बंधारा आहे. तिथून राजस्थान फीडर निघतो, २०४ किलोमीटर. त्याला जोडून इंदिरा गांधी नहर, मुख्य कालवा ४४५ किलोमीटर, थेट मोहनगडपर्यंत. कल्पना बिकानेर संस्थानचे मुख्य अभियंता कंवर सेन यांची, १९४८ सालची. काम सुरू झालं १९५८ मध्ये. रावी-बियासच्या जादा पाण्यातून १९५५ साली राजस्थानच्या नावे ८ दशलक्ष एकर-फूट लागले, आणि ३१ डिसेंबर १९८१च्या करारात ८.६० झाले. आपल्या वाचकांना समजेल अशा मापात सांगतो: साधारण ३७५ टीएमसी. म्हणजे साडेतीन जायकवाडी काठोकाठ भरतील इतकं पाणी, दर वर्षी. त्याच करारात पंजाबला ४.२२, हरियाणाला ३.५०, जम्मू-काश्मीरला ०.६५ आणि दिल्लीला ०.२०.

पंजाबला हे वाटप कधीच पचलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की, रावी-बियास राजस्थानातून वाहत नाहीत, मग काठावर नसलेल्या राज्याचा हक्क आला कुठून? राजस्थानचं उत्तर असं की, १९६० मध्ये सिंधू करारात या पूर्वेकडच्या नद्या भारताने पदरात पाडून घेतल्या, त्याच मुळी या वाळवंटाची गरज दाखवून. दोघांचंही म्हणणं खोटं नाही, हीच अडचण आहे. २००४ साली पंजाब विधानसभेने कायदा करून हे सगळे करारच रद्द करून टाकले. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. ते यायला नोव्हेंबर २०१६ उजाडला, आणि न्यायालयाने सांगितलं की असा एकतर्फी कायदा चालणार नाही. त्याच महिन्यात पंजाब विधानसभेने दिलेल्या पाण्याचे पैसे मागणारा ठराव केला. गंमत म्हणजे त्याला जुना दाखला आहे. महाराजा गंगासिंहांनी १९२७ मध्ये गंग नहर आणली, तेव्हा पंजाबच्या पाण्यासाठी बिकानेर संस्थान पैसे मोजत असे.

हे झालं राज्याराज्यांतलं. आता कालव्याच्या आत या.

घडसाण्याकडे जमीन मोजतात मुरब्ब्यात. पंचवीस बिघ्यांचा एक मुरब्बा. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून मोघा (पाणी सोडायचं तोंड), मोघ्यावर एक चक (त्यावर भिजणाऱ्या जमिनीचा गट), आणि चकातल्या प्रत्येकाची बारी, म्हणजे पाळी. आठवड्याचे १६८ तास जमिनीच्या प्रमाणात वाटून दिलेले. कोणाची बारी सोमवारी दुपारी, कोणाची रात्री दोनला. थंडीच्या रात्री खांद्यावर फावडं, हातात टॉर्च, अंगावर घोंगडं अशी माणसं खाळ्याच्या (शेतचारीच्या) कडेने उभी असत. घड्याळावरून भांडणं होत, डोकी फुटत. कर्जमागणीबरोबर सात-आठ कागद येत, पण मी सगळ्यात आधी बारीची पर्ची मागायचो आणि मग नकाशात बघायचो की हा चक कालव्याच्या तोंडाशी आहे की टेलला, म्हणजे शेपटाशी. तेच पीक, तीच माती, तोच कष्टाळू माणूस. तोंडाशी असेल तर कर्ज फिटणार, टेलला असेल तर पुढच्या वर्षी माझ्याच टेबलासमोर मुदतवाढीचा अर्ज. ‘साब, कागज में तो पानी पूरा है,’ असं एक वयस्क सरदारजी मला दर हंगामात सांगत. त्यांची थट्टा नव्हती ती. कागदावर खरंच पूर्ण होतं.

पाणी कमी असलं की वितरिकांचे चार गट पाडतात आणि पाळीपाळीने सोडतात. चारांतले दोन गट एका वेळी चालवा, ही तिथल्या शेतकऱ्याची दर रब्बीची मागणी, कारण चारांतला एक म्हटलं की गहू वाळला. कालव्याच्या पहिल्या टप्प्याला हजार एकरांमागे ५.२३ क्युसेकचा हिशेब बांधून दिला होता. दुसरा टप्पा, जैसलमेरकडचा, आखला तेव्हा ३ क्युसेकवर आणला. पण दुसऱ्या टप्प्याची वितरिका उघडली की पहिल्या टप्प्याच्या शेपटाचं पाणी कमी होणार, हे सांगायला गणिती लागत नाही. २००४ मध्ये घडसाणा-रावला भागात यावरूनच मोठं आंदोलन झालं, गोळीबार झाला, शेतकरी मेले. मी तेव्हा जोधपूरला होतो. ज्यांच्या पर्च्या मी तपासल्या होत्या त्या गावांची नावं पेपरात पहिल्या पानावर बघत होतो.

याच कालव्यावर आणखी एक बोजा आहे, तो आपल्याकडे कोणाला ठाऊकही नसतो. हिमाचलात बियासवर पोंग धरण झालं, त्यात हजारो कुटुंबं उठली. त्यांना पुनर्वसनासाठी जमीन कुठे द्यायची ठरली? राजस्थानात, या कालव्याच्या लाभक्षेत्रात. कांगड्याच्या हिरव्या खोऱ्यातला माणूस वाळूच्या टेकड्यांत. कित्येक आलेच नाहीत, कित्येक आले आणि जमीन दुसऱ्याला कसायला देऊन परत गेले, कित्येकांच्या वाट्याच्या जमिनीवर भलतेच बसले. त्यांचे खटले अजून मिटलेले नाहीत. कोयनेच्या आणि उजनीच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शहरांचं आता. कालवा आखला तेव्हा तो मुख्यतः शेतीचा होता. आज बिकानेर, चुरू, नागौर, जोधपूर, जैसलमेर, बाडमेर या सगळ्यांच्या नळाला याच कालव्याचा आधार आहे. नागौरकडे विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड इतकं की तरुण माणसांचे दात पिवळे पडून झिजलेले दिसतात; तिथे गोडं पाणी पोचलं याचा मला आनंदच आहे. त्यात लष्कराची ठाणी आली, औष्णिक वीज केंद्रं आली, पचपदराचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आला. कालव्याची दुरुस्ती करायची तर उन्हाळ्याच्या तोंडावर नहरबंदी घ्यावी लागते, आणि मग महिनाभर निम्म्या राजस्थानच्या टाक्या आटतात. मे २०१८ मध्ये पंजाबातल्या एका साखर कारखान्याची मळी बियास नदीत सुटली, मासे मरून तरंगले, आणि इकडे शेकडो किलोमीटर लांब पिण्याचं पाणी बंद करायची वेळ आली. एप्रिल २०२२ मध्ये पाली शहरात पाणी संपलं तेव्हा जोधपूरहून रेल्वेने पाठवलं. जोधपूरचं पाणी कुठलं? हरिकेचं. हिमालयातलं पाणी कालव्याने, मग पंपाने चढवून, मग मालगाडीने! (लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून पाणी नेणाऱ्या गाडीच्या टाक्या राजस्थानातल्या कोट्याहून आल्या होत्या, हे अनेकांना आठवत असेल.)

शेतीचं पाणी शहराला देऊ नये असं मी म्हणत नाही. पिण्याचं पाणी आधी, हे आपल्या राष्ट्रीय जलनीतीतच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. प्रत्येक नव्या नळयोजनेच्या उद्घाटनाला सांगतात की शेतकऱ्याचा एक थेंबही कमी होणार नाही. मग हे थेंब येतात कुठून? नवं नाव चढवताना जुन्या नावापुढचा आकडा खोडायचा नाही, अशी ही वही आहे. बँकेत असं केलं तर माणूस निलंबित होतो.

आता जमिनीखालच्या पाण्याकडे येतो. खरी गफलत इथे आहे, आणि आपल्या लेखातही तीच झाली आहे. कालव्याचं पाणी आणि विहिरीचं पाणी ही दोन वेगळी खाती नाहीत.

जोधपूरला आमच्या कार्यालयाच्या तळघरात जुनी रजिस्टरं ठेवलेली असत. एका पावसाळ्यानंतर नव्हे, ऐन मे महिन्यात तिथे फरशीच्या सांध्यांतून पाणी यायला लागलं. तळघरात पंप बसवावा लागला. शेजारच्या कापडाच्या दुकानाचीही तीच गत. वाळवंटाच्या दारातल्या शहरात तळघरं बुडतात, हे मी नाशिकला येऊन सांगितलं तर लोक हसले. पण त्यात नवल काही नाही. नव्वदच्या दशकात उचल कालव्याचं पाणी कायलाना तलावात यायला लागलं, लोकांनी बावड्या आणि विहिरी वापरायच्या सोडल्या, तलाव आणि नळ गळत राहिले, सांडपाणी मुरत राहिलं. खालचं पाणी वर आलं.

आणि त्याच शहरापासून उत्तरेला मथानिया, ओसियां. मथानियाची लाल मिरची एकेकाळी सगळ्या देशात नाव मिळवून होती. तिथे माझ्या कार्यक्षेत्रातल्या विहिरी दर काही वर्षांनी खोल होत होत्या. पाणी खाली गेलं, मग खारट झालं, मिरची मागे पडली. एका घराच्या अंगणात तीन बोअर बघितले, पहिले दोन कोरडे, तिसऱ्यावर शेजारणीची नजर, कारण तिच्या विहिरीने याच बोअरनंतर तळ दाखवला होता. तालुका डार्क झोनमध्ये, म्हणजे भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत, गेल्यावर नव्या विहिरीला बँकेचं कर्ज बंद. मी नकार लिहायचो. तोच शेतकरी आठवड्याने आडत्याकडून चढ्या व्याजाने पैसे आणून बोअर पाडायचा, आणि जिरं आलं की त्याच आडत्याला पडत्या भावात घालायचा. नियमाने पाणी वाचलं नाही, व्याजाचा दर तेवढा वाढला. आज साऱ्या राजस्थानात जमिनीत वर्षाला जेवढं मुरतं त्याच्या सुमारे दीडपट उपसलं जातं. एप्रिल २०२४ मध्ये लूणकरणसरजवळच्या सहजरासर गावात बघता बघता जमीन खचून प्रचंड खड्डा पडला. खालचं पाणी सरल्याने पोकळी झाली असावी, असं एक कारण तज्ज्ञांनी तेव्हा सांगितलं होतं.

उत्तरेकडे याच्या अगदी उलटं चित्र दिसतं. कालव्याच्या पहिल्या टप्प्यात बऱ्याच ठिकाणी थोड्या खोलीवर जिप्समचा घट्ट थर आहे. ओलित सुरू झालं तसं पाणी त्या थरावर साचत गेलं आणि शेतं चिबाडली. तिकडे त्याला सेम म्हणतात. हनुमानगड जिल्ह्यात बडोपलच्या बाजूला मी पांढऱ्या क्षाराची पुटं चढलेली शेतं पाहिली आहेत. घरांच्या भिंती कंबरेपर्यंत ओल्या, कडुनिंब उभे वाळलेले. मूळ आखणीत हरभरा, बाजरी, मोहरी असल्या कमी पाण्याच्या पिकांचा विचार होता. लोकांनी कापूस, भुईमूग, गहू घेतला. तोंडाशी असलेल्याला भरपूर मिळालं, त्याने भरपूर पाजलं आणि त्यातच बुडाला, आणि टेलवाला त्याच कालव्याच्या नावाने कोरडा राहिला. याच जिप्समच्या थराची दुसरी बाजू ऐका. कालवा येण्याआधी बिकानेर, चुरू, जैसलमेरच्या बाजूला लोक वाळूत अरुंद, खोल कुई खणत आणि त्या थराच्या वर अडून राहिलेलं पावसाचं गोड पाणी दिवसाला घडा-दोन घडे असं काढत. खालचं पाणी खारं, वरचं गोडं, मधे हा थर. घडाभर मागणाऱ्याला त्याने शेकडो वर्षं पाजलं. पाट सोडणाऱ्याचं शेत त्याने बुडवलं.

पंजाबातही हेच दिसतं. फीडरची गळती थांबवून पाणी पुढे पोचावं म्हणून त्याला नवं अस्तर घालायचं काम निघालं. फरीदकोटच्या लोकांनी विरोध केला: तळाला काँक्रीट नको, आमच्या विहिरी या गळतीवर जगतात. आणि शेजारच्या मुक्तसर जिल्ह्यात त्याच कालव्यांच्या पाझराने शेतं चिबडल्याची जुनी तक्रार. राजस्थानच्या वहीत जी गळती म्हणजे नुकसान, ती फरीदकोटच्या वहीत जमा. अस्तर घालून वाचवलेलं पाणी नवं नसतं, ते कोणाच्या तरी विहिरीतून काढलेलं असतं. नदीचं पाणी मोजायला हरिकेवर अभियंते बसलेले आहेत, क्युसेकच्या दशांशावरून राज्यं कोर्टात जातात. आणि तेच पाणी जमिनीत उतरलं की बेवारस होतं. १८८२च्या सुखाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी की ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनीही शेतीच्या उपशाला परवानगीतून वगळलं. आता सौर पंप आले आहेत. त्यांच्या सरकारी योजनेत डार्क झोनपुरती बंधनं लिहिलेली आहेत, पण पंप एकदा बसला की त्याला ना डिझेल लागतं ना बिल येतं. ऊन असेतो चालू. आणि थारमध्ये ऊन किती असतं ते सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर मोहनगडचा झोत बघा. २८ डिसेंबर २०२४ ला एक शेतकरी बोअर पाडत होता. साधारण ८५० फुटांवर पाणी आणि वायू अशा जोराने सुटले की बोअरचं यंत्र ट्रकसह खड्ड्यात गेलं. दोन-तीन दिवसांत झोत थांबला. दाबाखाली कोंडलेल्या पाण्याला भोक पडलं की ते उसळतं, भूगर्भशास्त्रात याला चमत्कार म्हणत नाहीत. त्याच जिल्ह्यात लाठीच्या वालुकाश्मात गोडं पाणी आहे, आणि चांदनच्या नळकूपाला तिकडे ‘थारचा घडा’ म्हणतात. पण हे पाणी हजारो वर्षांपूर्वी, हवामान वेगळं असताना मुरलेलं. जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस पडतो दीड-दोनशे मिलिमीटर. तिथून काढलं ते काढलं. त्याला उत्पन्न समजणारा माणूस मुदत ठेव मोडून घरखर्च चालवतो आणि पगार वाढला म्हणतो. आपल्या लेखात या झोताच्या भरवशावर ‘नवी शेती’ सुचवली आहे. कृपा करून असं काही छापू नका.

राहिलं चिनाबचं पाणी. ते येणारच नाही असं मी म्हणत नाही. पण ते यायचं कुठून? जम्मूतून निघून रावी-बियासमार्गे पंजाबच्या कालव्यांतून. जम्मू-काश्मीरच्या मुख्यमंत्र्यांनी जून २०२५ मध्येच सांगून टाकलं की आधी आमच्या लोकांची तहान, पंजाबला पाणी का द्यावं. पंजाब म्हणेल, आमचं भूजल देशात सर्वाधिक उपसलं गेलंय, आधी आम्हाला. हरियाणा वर्षानुवर्षं रखडलेल्या सतलज-यमुना जोड कालव्याची आठवण काढेल. मे २०२५ मध्ये हरियाणाला फक्त साडेचार हजार क्युसेक जादा सोडण्यावरून पंजाबने नांगल धरणावर पोलीस उभे केले होते, तेही दोन शेजारी राज्यांत. आणि समजा सगळे राजी झाले. राजस्थान फीडरची क्षमता १८,५०० क्युसेक. चिनाबला भरपूर पाणी असतं उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यात. तेव्हा सतलज-बियासही भरलेल्या असतात आणि फीडरही. वाळवंटाला पाणी हवं असतं नोव्हेंबर ते मार्च, गव्हाला आणि हरभऱ्याला. मधले महिने ते साठवायचं कुठे, याबद्दल लेखात एक ओळ नाही.

यमुनेच्या पाण्याचा अनुभव समोर आहे. १९९४च्या करारात झुंझुनूकडच्या शेखावाटीला वाटा मिळाला. ते पाणी नेण्याच्या नळाचा अहवाल तयार करायचा, एवढा समझोता हरियाणाबरोबर व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. तीस वर्षं झुंझुनूच्या माणसाने काय केलं? बोअर खोल नेले. नदीचं पाणी येणार या आश्वासनाचा भूजलावर होणारा परिणाम हा असा असतो. येणारच आहे म्हटल्यावर आज उपसायला कोण कचरतो?

एक चांगलं उदाहरण सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याने सगळ्यावर बोळा फिरवला म्हणाल. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये राजस्थानला दिलं अवघं ०.५ दशलक्ष एकर-फूट (आपल्या महाराष्ट्राला त्याच्याही निम्मं). ते पाणी २००८ मध्ये सांचोरला पोचलं, तेव्हा अट घातली की पाट सोडायचा नाही, ठिबक किंवा तुषारनेच घ्यायचं. डिग्ग्या, म्हणजे साठवण तळी, बांधल्या, पाणीवाटप गटांनी मिळून पंप चालवले. कुरकुर झाली, चोऱ्या झाल्या, काही डिग्ग्या गाळाने भरल्या. पण त्या लाभक्षेत्रात पाट-पाण्याची सवय लागायच्या आधी नियम आला, म्हणून तो टिकला. गंगानगरच्या शेतकऱ्याला साठ वर्षांच्या सवयीनंतर हे सांगणं फार अवघड आहे, आणि त्याचा राग मला समजतो. त्याला पाणी द्यायचं वचन सरकारनेच दिलं होतं, त्याच्या भरवशावर त्याने कर्ज काढलं, आणि ते कर्ज आम्हीच दिलं होतं.

सांचोरच्या जरा वर जवाई नदी आहे. तिच्यावरचं धरण पाली जिल्ह्यात, पाणी पालीच्या नळाला आणि कालव्याला. खालच्या जालोरमध्ये नदी कोरडी, तिच्या काठच्या विहिरी कोरड्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये जालोरचे शेतकरी तळ ठोकून बसले, धरणातला तिसरा हिस्सा नदीत सोडा म्हणून. त्यांनी कालवा मागितला नाही हे लक्षात घ्या. नदीत सोडा, वाळूत मुरू द्या, विहिरींना मिळेल. अभियंत्यांच्या वहीत नदीत सोडलेलं पाणी ‘वाया’ लिहितात.

माझं म्हणणं शेवटी इतकंच आहे की चिनाबचा एक थेंब यायच्या आधी राजस्थान सरकारने आहे त्या पाण्याचा उतारा जाहीर करावा. कालव्यातून पिण्यासाठी आणि कारखान्यांसाठी किती राखलं ते लिहावं, आणि तेवढं शेतीच्या आकड्यातून उघडपणे वजा करावं. ५.२३ मिळणार नसेल तर नाही म्हणावं, आणि ते पेरणीच्या आधी म्हणावं, म्हणजे माणूस गव्हाऐवजी हरभरा तरी पेरेल. त्याच पानावर तालुक्यातला भूजल उपसा असावा. पंपांना मीटर बसवायला राजकीय धैर्य लागेल ते लागेल, तोवर शेतीच्या वीज फीडरची युनिटं तरी आहेतच. जोधपूरसारख्या शहराखाली जे साचलं आहे ते शुद्ध करून उद्योगांना द्यावं, म्हणजे तेवढं कालव्याचं सुटेल. आणि ज्याच्या नावाचं पाणी कापलं जाईल त्याला भरपाई मिळावी. आज ती टेलवाल्याकडून गुपचूप वसूल होते. आम्ही गोदावरीवाले नाशिक आणि मराठवाडा दर ऑक्टोबरात भांडतो, पण निदान समन्यायी वाटपाचा कायदा २००५ पासून आहे आणि धरणातला टक्का रोज पेपरात छापून येतो. तेवढं तरी त्यांना मिळू दे.

आपला प्रतिनिधी पुन्हा तिकडे जाणार असेल तर मोहनगडच्या खड्ड्यापेक्षा जानेवारीत एखाद्या टेलच्या मोघ्यावर रात्रीच्या बारीला उभा राहू दे. राजस्थान फीडरवर गेज वाचणारे कर्मचारी असतात, त्यांच्याकडे रोजचे आकडे असतात. ते आकडे आणि करारातले आकडे शेजारी शेजारी छापले, तर पुढचा लेख मी कापून ठेवीन.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शेती कर्ज अधिकारी, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)